कॉम्पिटिशन म्हणजे स्पर्धा नव्हे!

चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरून आलं की पिशवी कितीही झटका, तळाशी चिमूटभर वाळू राहतेच. किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी जमवत नाही. रोजचं काम उरकून घरी यावं, कुकर लावावा, आणि शिट्टी होईपर्यंत आपलं आपणच हसत बसावं. नवरा विचारतो, "आज कोण?" मग मी सांगते. असं करता करता बरेच साठले.

मी बोईसरला मोठ्या माणसांसाठी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास घेते. जागा म्हणजे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली. खाली कारागीर मोटर टेस्ट करायला लागला की वर आमचा व्हर्बसुद्धा हलतो! माझ्याकडे येणारी मंडळी दिवसभर राबून येतात. कोणी कारखान्यातून, कोणी बाजारातून, कोणी स्वयंपाक आटोपून. त्यांना शेक्सपिअर नको असतो. साहेबाला उत्तर देता आलं पाहिजे, गिऱ्हाइकाला समजलं पाहिजे, नातवंडांसमोर गप्प बसायची वेळ येऊ नये, एवढंच.

आणि या सगळ्यांना क्लासला येण्याआधीपासून एक इंग्रजी शब्द पाठ असतो. कॉम्पिटिशन!

*

दर नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी विचारते, "तुम्हाला आधीपासून येणारा एखादा इंग्रजी शब्द सांगा."

कोणी 'टेन्शन' म्हणतं, कोणी 'ओव्हरटाइम'. पण 'कॉम्पिटिशन' हमखास येतोच. "मॅडम, कॉम्पिटिशन लई वाढलीय," हे वाक्य तर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते फळ्यावर रंगवूनच ठेवावं असं वाटतं.

एकदा मी म्हटलं, "बरं, कॉम्पिटिशनला मराठीत काय म्हणाल?"

"स्पर्धा," एकीने लगेच सांगितलं.

मागच्या बाकावर जगताप बसले होते. साताऱ्याकडचे, पन्नाशीला टेकलेले, तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. बोलतात कमी. ते मान हलवत म्हणाले, "नाही मॅडम. स्पर्धा वेगळी, कॉम्पिटिशन वेगळी."

"ती कशी?"

"स्पर्धा शाळेत असते. तिच्यात बक्षीस मिळतं. कॉम्पिटिशन शाळा सुटल्यावर चालू होते. तिच्यात नुसता घाम!"

सगळा वर्ग हसला. मी मात्र त्या दिवशी फळ्यावर 'कॉम्पिटिशन म्हणजे स्पर्धा' असं लिहायला घेतलं होतं, ते पुसून टाकलं.

*

जगतापांच्याच कारखान्यात राजकिशोर नावाचा मुलगा आहे. बिहारचा, कंत्राटी कामगार, जगतापांच्या हाताखाली काम करतो. दोघं एकाच मोटरसायकलवरून क्लासला येतात.

एकदा जगतापांच्या बायकोला ताप भरला, म्हणून ते पंपाचं काम अर्धं टाकून घरी गेले. ते काम आपण पूर्ण करतो, असं राजकिशोरला साहेबांना कळवायचं होतं. नवीन नवीन इंग्रजीची हौस! त्याने कारखान्याच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'सर, टुडे आय विल कम्पीट जगताप.'

'कम्प्लीट'मधला एक एल राहिला. 'वर्क'ही राहिलं.

साहेबांनी विचारलं, 'व्हाय?'

राजकिशोरला वाटलं, साहेबांना खात्री हवीय. त्याने लिहिलं, 'डोन्ट वरी सर. आय विल कम्पीट हिम फुल्ली!'

दुसऱ्या दिवशी दोघांनाही केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेबांना वाटलेलं, यांचं आपसात काहीतरी बिनसलंय, मुलगा म्हाताऱ्याच्या नोकरीवर टपलाय. कंत्राटी माणूस तो, राजकिशोर घाबरला. इंग्रजी सोडा, हिंदीही फुटेना. शेवटी जगतापांनी फोन हातात घेतला, मेसेज वाचला, आणि म्हणाले, "सर, पंप बघा. रात्रीच चालू झालाय. त्याने मला नाही, पंपाला पूर्ण केलंय!"

साहेब हसले आणि सुटका झाली.

संध्याकाळी राजकिशोर क्लासला आला तो हात जोडूनच. "मॅडमजी, एक एल के चक्कर में मेरी तो नौकरी जा रही थी!"

मी त्याला दोन्ही शब्द समोरासमोर लिहून दिले. फरक समजावला, दहा वाक्यं करून घेतली. पुढच्या आठवड्यात त्याने वर्गात उभं राहून भाषण केलं. पहिलंच वाक्य होतं, "इन मार्केट देअर इज टू मच कॉम्प्लीटिशन."

"राजकिशोर! इथे एल नाही!"

"मालूम है मॅडमजी," तो म्हणाला, "पर अब मैं हर जगह लगाता हूँ. सेफ रहता है!"

*

शब्दांच्या जोड्या शिकवायचा एक धडा असतो. कुठल्या शब्दासोबत कुठला शब्द शोभतो ते. त्यात मी 'कट-थ्रोट कॉम्पिटिशन' शिकवलं. जीवघेणी चढाओढ, एकमेकांचे गळे कापण्यापर्यंत गेलेली.

संतोषला हा शब्द भयंकर आवडला. संतोषचं बेटेगावच्या रस्त्याला सलून आहे. दोन खुर्च्या, एक पंखा. त्याच्या बरोब्बर समोर एसी सलून उघडलं होतं. काचेचं दार, आत मोठा टीव्ही. बापाच्या वेळेपासूनची गिऱ्हाइकं त्याच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून जायची. जाताना बिचारी मान खाली घालून जायची, हे त्याला जास्त लागायचं. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मॅडम," तो मला म्हणाला होता, "पण ओळख नसल्यासारखं करतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे एक सुटाबुटातलं नवीन गिऱ्हाईक आलं. कुठल्याशा कंपनीचे मोठे साहेब. समोरच्या दुकानात नंबर होते म्हणून इकडे वळलेले. संतोषने फेस लावला, वस्तरा घेतला. साहेबांनी डोळे मिटले आणि सहज गप्पा म्हणून इंग्रजीत विचारलं, "हाऊ इज बिझनेस?"

संधी चालून आली होती! संतोषने साहेबांची हनुवटी वर केली, वस्तरा गळ्याला टेकवला आणि ठसक्यात म्हणाला, "सर, हिअर, कट-थ्रोट!"

साहेब खाडकन उठून बसले. टॉवेल एकीकडे, फेस एकीकडे. संतोषही घाबरला. वस्तरा मागे लपवून तो ओरडायला लागला, "कॉम्पिटिशन, सर! कॉम्पिटिशन! तुमचा नाय, धंद्याचा थ्रोट!"

साहेबांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग मात्र ते इतके हसले की उरलेली अर्धी दाढी करणं कठीण झालं. तेव्हापासून ते संतोषकडेच येतात. येताना एकदोघांना घेऊनही येतात.

संतोष म्हणतो, "इंग्लिशने धंदा वाढतो हे खरंय मॅडम. पण आता मी आधी वस्तरा खाली ठेवतो, मगच बोलतो!"

*

सुनीता जव्हारच्या पलीकडल्या पाड्यावरची. घरी डोंगरउतारावर थोडी भातशेती, तीही पावसावरची. बोईसरला एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली होती, चार मुली मिळून एका खोलीत राहायच्या. लावणीच्या दिवसांत घरी जायची, परत यायची. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या प्रवेशाला एक दाखला लागत होता आणि त्याच्यावर सही पाहिजे होती 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी'ची.

आमच्या क्लासात ज्या शब्दाचा रोज उदोउदो, त्याच्याशी हा शब्द जुळला! कॉम्पिटंट म्हणजे कॉम्पिटिशनवाले, असं तिने मनाशी ठरवलं. सुट्टी टाकून ती पालघरजवळ कोळगावला, जिल्ह्याच्या मुख्यालयात गेली. तिथली मोठमोठी सरकारी कार्यालयं बघूनच परत फिरावंसं वाटलं, असं तिनेच सांगितलं. धीर करून एकाला विचारलं, "कॉम्पिटिशनचे साहेब कुठं बसतात?"

त्या भल्या माणसाने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. काटक मुलगी, सडसडीत बांधा. त्याने तिला सरळ खेळांच्या विभागाकडे पाठवलं.

तिथल्या सरांनी विचारलं, "कोणता खेळ?"

"खेळ नाय सर. नर्सिंग."

सर गोंधळले. "धावतेस का?"

"धावते ना सर. सकालधरनं धावतेच हाय. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं!"

सरांनी कागद मागून घेतला, वाचला आणि कपाळाला हात लावला. पण माणूस फार चांगला. स्वतः उठले, तिला योग्य टेबलापर्यंत नेऊन सोडलं, आणि जाता जाता शब्दाचा अर्थही सांगितला. कॉम्पिटंट म्हणजे सक्षम. ज्याला ते काम करायचा अधिकार आहे आणि जो ते करू शकतो, असा.

संध्याकाळी ती धापा टाकत क्लासला आली, दाखल्याचं काम झालं म्हणून सांगायला. सगळी हकीगत ऐकवली. आम्ही पोट धरून हसलो, तीही हसली. मग म्हणाली, "मॅडम, म्हंजे ज्याला जमतं तो कॉम्पिटंट?"

"हो."

"मग मी पन हाय की!"

आता ती हॉस्टेलला राहून शिकते. मध्ये एकदा सुट्टीत भेटायला आली होती. पांढऱ्या शूजमध्ये. खाली दुकानात मोटर वाइंड करणाऱ्या कारागिराचं बोट कापलं होतं, ते तिने बांधून दिलं. तो कळवळत विचारत होता, "नीट बांधता येतं ना गं तुला?" तर म्हणते कशी, "आय अॅम कॉम्पिटंट. गप बसा!"

*

अनुराधाताई पॉवर प्लांटच्या कॉलनीत राहतात. मूळच्या सांगलीच्या, बी.कॉम. झालेल्या. त्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, बोलायचं म्हटलं की मात्र कानाच्या पाळ्या लाल होतात. पुण्यात शिकणारी मुलं मित्रांना घेऊन घरी येतात, तेव्हा या चहा ठेवून पटकन आत जातात. ते थांबवायचं म्हणून त्या क्लासला आल्या.

त्यांच्या कॉलनीतल्या बायकांनी एकदा ठरवलं की संक्रांतीनंतर एकत्र जमायचं. ज्यांच्याकडे जमायचं होतं त्या बाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'या वर्षी एक हेल्दी कॉम्पिटिशन ठेवूया.' त्यांच्या मनात होती संगीत खुर्ची. मागच्या वर्षी खुर्चीवरून दोघींमध्ये जुंपली होती आणि वर्षभर बोलणं बंद होतं. या वर्षी भांडणतंटा नको, खेळीमेळीने खेळू, हा त्याचा अर्थ.

अनुराधाताईंनी नाचणीचे लाडू केले.

त्यांना वाटलं, हेल्दी म्हणजे पौष्टिक. गंमत म्हणजे तसं वाटणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या! हॉलमध्ये पोहोचल्या तर एकीने मोड आलेल्या कडधान्यांची उसळ आणलेली, एकीने दुधीचे मुटके, एकीने बिनसाखरेची खीर. मधोमध बिचाऱ्या खुर्च्या गोल मांडून ठेवलेल्या.

यजमानीण बाई बघतच राहिल्या. मग कोणीतरी म्हणालं, आणलंच आहे तर खाऊ. खुर्च्यांचा उपयोग बसून खाण्यासाठी झाला. वर्षभर अबोला धरलेल्या त्या दोघी शेजारीशेजारी आल्या, आणि बिनसाखरेच्या खिरीवर दोघींचं एकमत झालं. भांडण तिथेच मिटलं!

निघताना एक आजी यजमानीण बाईंना म्हणाल्या, "पुढच्या वेळी अनहेल्दी ठेव गं बाई. भजी तरी मिळतील!"

*

आता देवकीताई. सातपाटीच्या. मुलगा बोटीवर जातो, त्या पालघरच्या बाजारात मासळी विकतात. आवाज असा की खालची मोटर चालू असली तरी मला त्यांचं वाक्य स्पष्ट ऐकू येतं. मला 'मॅडम' म्हणत नाहीत, 'बाय' म्हणतात.

मी 'गुड, बेटर, बेस्ट' शिकवत होते. कॉम्पिटिशन आली की हे तिन्ही आलेच. देवकीताईंनी विचारलं, "बाय, फ्रेशचं पन असं व्हतं काय?"

"होतं ना. फ्रेश, फ्रेशर, फ्रेशेस्ट."

त्या रविवारी केळव्याला निघालेलं एक मुंबईचं जोडपं बाजारात थांबलं. बाईंनी इंग्रजीतच विचारलं, "इज इट फ्रेश?"

देवकीताईंनी पदर खोचला. पलीकडच्या टोपलीकडे बोट दाखवलं, "दॅट फ्रेश." मधल्या टोपलीकडे, "दॅट फ्रेशर." मग स्वतःच्या टोपलीवर थाप मारली, "धिस, फ्रेशेस्ट!"

जोडपं खूश. पापलेटं तिथेच विकली गेली.

खरी मजा पुढेच. पलीकडची टोपली होती हिराबाईची. तिला इंग्रजीचा गंध नाही, पण 'फ्रेश' एवढं समजत होतं. ती दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली, "देवकी मनाची मोठी हाय. इंग्रजीतनं माझी तारीफ केली!" एवढंच करून थांबली नाही, देवकीताईंना घरून आणलेली भाकरीसुद्धा खाऊ घातली.

चार दिवसांनी हिराबाईच्या भाच्याने तिला खरा अर्थ सांगितला. मग बाजारात जे काही झालं ते मी इथे लिहू शकत नाही.

पण त्याचा परिणाम असा, की आता त्या ओळीतली प्रत्येक बाई गिऱ्हाईक दिसलं की 'फ्रेशेस्ट, फ्रेशेस्ट!' म्हणून ओरडते. देवकीताई वैतागून माझ्याकडे आल्या. "बाय, सगल्याच फ्रेशेस्ट झाल्यात. आता मला ह्याच्या वरचा शब्द दे!"

*

एक किस्सा तसा हसण्यासारखा नाही. पण राहून जाऊ नये.

जगतापांच्या कारखान्यात पॅकिंगचं नवं ऑटोमॅटिक मशीन आलं. दहा माणसांचं काम ते एकटं करणार होतं. ते बसवायचं काम आलं जगतापांकडे. ज्या पोरांची कामं जाणार, तीच पोरं मशीन उतरवायला हात लावत होती. त्या दिवसांत जगताप क्लासला यायचे, पण वही उघडायचे नाहीत.

मी 'कान्ट' शिकवत होते. प्रत्येकाने आपल्याला न जमणारी एक गोष्ट सांगायची. संतोष म्हणाला, "आय कान्ट स्विम." देवकीताई म्हणाल्या, "आय कान्ट साइलेंट." वर्ग हसत होता. जगतापांची पाळी आली. ते उभे राहिले आणि एकेक शब्द जोडत म्हणाले, "आय कान्ट कम्पीट विथ मशीन."

वाक्य अगदी बरोबर होतं. चूक दाखवायला काही नव्हतं. खालची मोटरही नेमकी त्याच वेळी बंद झाली.

"दहातली सहा पोरं दुसरीकडे लावून दिली," ते मराठीत म्हणाले. "चौघांचं अजून बघतोय. मीच बसवलं मॅडम ते मशीन. माझ्याच हाताने."

राजकिशोर त्यांच्या शेजारी होता. तो म्हणाला, "मॅडमजी, इनका सेंटेन्स अधूरा है." आणि स्वतः उभा राहून त्याने पुढे जोडलं, "बट मशीन कान्ट फाइंड जॉब फॉर बॉइज. जगतापसर कॅन."

जगतापांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. "बस रे," म्हणाले, "लई इंग्लिश झालं."

त्या चौघांपैकी तिघं पुढे लागले. एक गावी गेला. मशीन चालू आहे.

*

आणि आता तो पालघरचा कार्यक्रम.

एका महिला मंडळाने मोठ्या बायकांसाठी इंग्रजी भाषणांची स्पर्धा ठेवली होती. विषय 'माय लाइफ'. कागद न बघता बोलायचं. आमच्या क्लासातून दोघी गेल्या, देवकीताई आणि अनुराधाताई. निकाल आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कोणी वाट बघायला नको: दोघींनाही बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर डहाणूकडच्या एका शिक्षिकेचा आला, आणि तो योग्यच होता.

पण त्याआधीचा महिनाभर आमच्या खोलीत जे युद्ध चाललं ते विचारू नका!

अनुराधाताईंना लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने कुठेतरी उभं राहायचं होतं. नवऱ्याने त्या दिवसासाठी रजा काढली होती. देवकीताईंची नात इंग्रजी शाळेत जाते. घरात आई आणि मुलगी इंग्रजीत बोलायला लागल्या की आजी बाजूला पडते. नात सांगून बसली होती, "आजी, पयला नंबर आन." म्हणजे दोघींनाही जिंकायचंच होतं, आणि दोघींनाही पक्कं माहीत होतं की आपल्या आड येणार ती समोरची.

अनुराधाताई मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "त्यांचं बरंय. बाजारात ओरडून ओरडून त्यांना स्टेजची भीतीच उरली नाही." देवकीताई म्हणायच्या, "तिला काय व्हतंय? तिच्या घरी इंग्लिश पेपर येतो!"

मी दोघींनाही एकमेकींसमोर भाषण करायला लावायचे. दुसरं ऐकणार कोण? एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं. रोज. मग एक दिवस कडाक्याचं भांडण झालं. अनुराधाताईंच्या भाषणाची सुरुवात 'रिस्पेक्टेड जजेस' अशी होती. देवकीताईंनीही तीच सुरुवात धरली. "माझं वाक्य चोरलं!" "रिस्पेक्ट काय तुझ्या एकटीचा हाय?" त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. भाषणं मात्र समोरासमोर बसूनच करायच्या. एक भिंतीकडे बघून बोलायची, दुसरी खिडकीकडे बघून ऐकायची.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. समोरच्या रांगेत देवकीताईंची सून आणि नात. तिसऱ्या रांगेत मी, माझ्या एका बाजूला अनुराधाताई, त्यांच्यापलीकडे त्यांचे यजमान. परीक्षक एक निवृत्त प्राचार्य होते. शिस्तीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं होतं, कोणी कोणाला मदत करायची नाही. देवकीताईंचं नाव आधी पुकारलं. अनुराधाताईंची पाळी त्यांच्या लगेच नंतर.

देवकीताई नवी साडी नेसून आल्या होत्या. केसांत अबोली. 'रिस्पेक्टेड जजेस' झोकात झालं. मुलाच्या बोटीबद्दल बोलल्या, बाजाराबद्दल बोलल्या, लोक हसले, टाळ्याही पडल्या. अनुराधाताई ताठ बसून ऐकत होत्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग देवकीताई वाऱ्याच्या वाक्याशी आल्या. बोटी समुद्रात असताना वारा सुटतो तेव्हा गावातल्या सगळ्या बायका किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहतात, ते वाक्य.

"व्हेन बिग विंड कम्स," त्या म्हणाल्या, "ऑल वूमन, ऑल वूमन गो अँड स्टँड ऑन द..."

आणि थांबल्या.

मला वाटलं, श्वास घेतायत. पण नाही. शब्द गेला होता. त्यांचे ओठ हलत होते. एका हाताने त्यांनी पदर घट्ट धरला. पुन्हा म्हणाल्या, "स्टँड ऑन द..." सगळा बाजार दणाणून सोडणारा तो आवाज एवढासा झाला. सुनेने मान खाली घातली. नात तोंड उघडं टाकून आजीकडे बघत होती. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, पेन उचललं.

तेवढ्यात माझ्या शेजारून, स्वच्छ, खणखणीत आवाजात आलं:

"शोर! स्टँड ऑन द शोर, अँड नोबडी टॉक्स!"

"स्टँड ऑन द शोर!" देवकीताईंनी झेललं. "अँड नोबडी टॉक्स! नोबडी कुक्स! वी ओन्ली लुक!" आणि गाडी सुटली ती भाषण संपवूनच थांबली.

टाळ्या सुरू व्हायच्या आत परीक्षकांनी हात वर केला. चष्म्यावरून त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"प्रॉम्प्टिंग इज नॉट अलाउड," ते म्हणाले. "हू इज धिस लेडी? प्लीज स्टँड अप."

अनुराधाताई उभ्या राहिल्या.

"आर यू हर टीचर?"

"नो, सर."

"हर रिलेटिव्ह? हर फ्रेंड?"

अनुराधाताईंनी एकदा स्टेजकडे बघितलं. मग परीक्षकांकडे वळून, कुठेही न अडखळता म्हणाल्या,

"नो, सर. आय अॅम हर कॉम्पिटिशन!"